पाण्याला विरजण

आई, आज सकाळी नळीतलं पाणी निळं राहिलं! जांभळं नाही, जांभळटसुद्धा नाही, चांगलं लख्ख निळं. मी पाणी तपासायच्या औषधाचे पाच थेंब मोजून टाकले, नळी हलवली, घड्याळात बघत पाच मिनिटं थांबले, खिडकीपाशी नेऊन कागदावरच्या रंगांशी ताडून बघितली, आणि मग एवढ्यांदा ओरडले की हे दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून धावत आले. त्यांना वाटलं मी पडले. "शून्य आलं!" मी म्हणाले. "कशात? गणितात?" असं म्हणून ते परत आत गेले. या माणसाला कशाचं म्हणून कौतुक नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, पण ही बातमी तुझी आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगून मला समाधान होणार नाही.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील, कार्टीचं नेहमीचंच, सुरुवात शेवटाकडून. बिबवेवाडीच्या आमच्या घरात, हॉलमध्ये टीव्हीशेजारी, सध्या एक दोन फुटी काचेची टाकी आहे. टाकीत पाणी आहे, खडे आहेत, दोन-तीन पाणवनस्पती आहेत, कोपऱ्यात फिल्टर बुडबुडतोय, वर दिवा आहे. मासे नाहीत. गेले सात आठवडे नाहीत. येणारा-जाणारा वाकून बघतो. "लपलेत का?" नाही. "मेले?" नाही हो, आणलेच नाहीत. मग ती माणसं हळूच ह्यांच्याकडे बघतात आणि हे अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "पाणी पाळलंय तिनं." सगळे हसतात. मीही हसते, काय करणार! आणि हसत हसत त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकते. रोज टाकावंच लागतं. कशाला, ते सांगते.

पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि वाटलं, घरात काहीतरी जिवंत हवं. कुत्रं ह्यांना नको, मांजर मला नको. मासे म्हटल्यावर दोघंही गप्प बसलो. हे का गप्प बसले ठाऊक नाही, मी का बसले ते मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर, घाई कशाचीच नाही. मी म्हटलं, "ही दोन फुटी टाकी द्या आणि चार मासे. दोन गोल्डफिश, दोन काळे मॉली." तो म्हणाला, "टाकी आज मिळेल. मासे दीड महिन्यानं." "का? समोर पोहताहेत की!" "ते माझ्या पाण्यात पोहताहेत, काकू. तुमच्या पाण्यात मरतील." माझं डोकंच फिरलं. "विकायचे नसतील तर दुकान कशाला उघडलंय हो?" "विकायला. मारायला नाही," म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन आपलं काम करायला लागला. मग मीही सुनावलं, "मला शिकवू नका, लहानपणी आमच्याकडे होते मासे." त्यानं मान वर न करता विचारलं, "किती दिवस?" "आठ," मी म्हणाले.

चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला होता. बाबा फिरतीवर. तू म्हणाली होतीस, माग काय हवं ते, पण मला एकटीला उचलून आणता येईल एवढंच माग. मी मासे मागितले. रविवारी तुझी सुट्टी होती. सकाळी गेलीस ती दुपारी उगवलीस. जिन्यात चपलांचा आवाज येतो, मी दार उघडते. तू घामाघूम उभी आहेस, काचेची टाकी कडेवर घेतलेली, मूल घ्यावं तशी, आणि दुसऱ्या हातात पाण्याची फुगलेली पिशवी, तोंडाला रबर लावलेली. स्वारगेटपासून कसब्यापर्यंत चालत आली आहेस, कारण बसमध्ये कोणी कोपर मारलं तर? मी हात पुढे करते तर तू म्हणतेस, "थांब. आधी सगळं निर्जंतुक करू." प्रसूतिगृहातली सिस्टर होतीस ना तू. सगळी आळी तुला सिस्टरच म्हणायची. टाकी आधी कोमट पाण्यानं, मग कढत पाण्यानं, मग पोटॅशच्या गुलाबी पाण्यानं धुतलीस. खडे कुकरला लावलेस. तीन शिट्ट्या! शेजारच्या काकू डोकावल्या, "आज काय, हरभरे का?" तर तू म्हणालीस, "खडे आहेत." काकू तशाच मागे फिरल्या. मी पोट धरधरून हसले होते. एवढं आपण दोघी मिळून कधी हसलो नव्हतो.

आणि मग एक दिवसाआड तेच. मासे पातेल्यात काढायचे, सगळं पाणी उपसायचं, काच घासायची, खडे परत कुकरला. बाळंतिणीच्या खोलीत घाण चालत नाही ती माशांना कशी चालेल, हे तुझं म्हणणं. पाणी आरशासारखं असायचं. तरी चौथ्या दिवशी एक गोल्डफिश गेला. मग दुसरा. मग एक मॉली. आठव्या दिवशी सकाळी शेवटचा. तू ओट्याशी पोळ्या लाटत होतीस आणि मी मागे येऊन म्हणाले, "तूच मारलेस. तू दवाखान्यातून अंगावर रोग घेऊन येतेस. तुझ्या हातानं मेले." लाटणं थांबलं नाही. पण ती पोळी तू एवढी मोठी लाटलीस की तव्यात मावेना. मला वाटलं होतं रागावशील, एक धपाटा घालशील, मग मी रडेन आणि संपेल. काहीच झालं नाही. मी दप्तर उचललं आणि शाळेत गेले.

हे सगळं त्या दुकानात उभ्या उभ्या मी परक्या माणसाला सांगितलं. म्हणजे पोळीचं नाही, माशांचं. त्यानं डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. "टाकी कशानं धुतली होती?" पोटॅश, कढत पाणी, कुकर. शिट्ट्यांचं ऐकल्यावर त्यानं चष्मा काढून खाली ठेवला. "मासे वर येऊन तोंड उघडत होते?" हो. "कल्ले लालभडक?" हो, हो! "मग जंतूंनी नाही मेले, काकू. जंतू नव्हते म्हणून मेले." मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात. ते खातात आणि दुसरं विष सोडतात. ते दुसरं खाणारे आणखी वेगळे जंतू. दोन्ही प्रकारचे काचेवर, खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून बसले की मग मासा जगतो. वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. तुमच्या आईंनी दर दोन दिवसांनी वस्ती उठवली. वर नळाचं ताजं पाणी. त्यात औषध असतं, ते उरलेसुरले मारतं." जरा थांबून म्हणाला, "त्यांची चूक नाही. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील हेच दुकान चालवायचे, त्यांनीही टाकी धुवायलाच सांगितली असती."

आई, मी तिथल्या स्टुलावर बसकण मारली. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं माझ्या मनात एकच, की तू अंगावरून काहीतरी आणलंस, आणि नसेल आणलंस तर मी काय बोलून गेले. घासलंस तूच, हे खरं. पण रोग नव्हता ग तुझ्या हातांवर. काहीसुद्धा नव्हतं! मला उठून नाचावंसं वाटलं. पण मी तुझीच मुलगी, नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवेन का? ठरवलं, स्वतः करून बघायचं. न घासता, न उकळता. मासे आठ दिवस ओलांडून नवव्या दिवशी पोहताना दिसले, तर तुला सांगायचं, की मी बोलले ते साफ खोटं होतं. आणि नाहीच जगले तर? तर तुला सांगायला माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं. म्हणून सात आठवडे माझा जीव त्या रिकाम्या टाकीत अडकलाय. ह्यांना हे कुठे माहीत आहे! त्यांना वाटतं, निवृत्तीचं खूळ.

आता माझा मूर्खपणा ऐक. दुकानदार म्हणाला, चांगले बॅक्टेरिया तयार होऊ द्या, आणि मी एवढी हरखले होते की पुढचं ऐकलंच नाही. चांगले बॅक्टेरिया म्हणजे काय हे मला कोणी सांगायला हवं का? तुझ्या हाताखाली वाढलेय मी. घरात सगळं उकळणारी तू, पण संध्याकाळ झाली की कोमट दुधात बोट घालून बघायचीस, चमचाभर विरजण घालायचीस, आणि त्या चिनीमातीच्या सटाला कोणी धक्का लावला तर खैर नसायची. दवाखान्यातले ते जंतू, आणि घरातलं ते विरजण. त्या दोघांची गाठ तू कधी पडू दिली नाहीस. तर मी काय केलं असेल? टाकीत पाणी भरलं आणि घरचं कवडी दही, दोन मोठे चमचे, छान घोळून घातलं! सकाळी बघते तर टाकीत मठ्ठा. दुपारपर्यंत वास. हे नाकाला रुमाल लावून म्हणाले, "जिलबी आणू का सोबत?" तशीच दुकानात धावले. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "मीठ-जिरं घातलंत?" मी म्हटलं, अहो, थट्टा पुरे. "काकू, ते दुधावर जगणारे. आपल्याला हवेत माशांच्या मुतावर जगणारे. सगळं पाणी काढा आणि पहिल्यापासून करा." मी तोंड एवढंसं करून उभी राहिले. मग त्यालाच दया आली असावी. म्हणाला, "कल्पना बरोबर आहे. विरजण चुकीचं आहे."

असं म्हणून त्यानं आपल्या अकरा वर्षं जुन्या टाकीच्या फिल्टरमधून एक स्पंज काढला. बाई ग! काळपट तपकिरी, बुळबुळीत, गटारातून काढल्यासारखा. त्याचा एक तुकडा कापला, टाकीचंच पाणी घालून पिशवीत बांधला आणि म्हणाला, "हे विरजण. तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. नळाखाली धरायचं नाही. धुतलंत तर परत माझ्याकडे यायचं नाही." मी तो गाळ मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आले, दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून. तू बघितलं असतंस तर मला जिन्यातच थांबवून पिशवीसकट पोटॅशमध्ये बुडवलं असतंस. आपल्याकडे उत्साहावर विरजण पडलं म्हणतात, कोणी काढलं हे कोण जाणे. माझ्या उत्साहाला तर त्या विरजणानंच उकळी फुटली.

मग वाट बघणं. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यातलं औषध उडून जायला. आणि रोजचं ते चिमूटभर खाणं, कारण मासे नाहीत तर विष कुठून होणार, आणि विष नाही तर ते खाणारे काय खाणार? हे म्हणाले, "नैवेद्य झाला का पाण्याला?" पहिले दहा दिवस काही नाही. थंडी होती, आणि थंडीत दही लागत नाही तसंच हेही अडून बसतं. तू सटाला जुना स्वेटर गुंडाळायचीस, मी टाकीत हीटर लावला. मग एका आठवड्यात पहिलं विष उतरायला लागलं आणि दुसरं चढलं. रोज नळीत जांभळं. तीन आठवडे जांभळं! काचेवर तपकिरी साय धरली, आणि माझे हात काय शिवशिवायचे म्हणून सांगू. घासणी हातात घेऊन टाकीसमोर उभी राहायचे आणि परत ठेवून यायचे. तुझं रक्त आहे, दुसरं काय! परवा जांभळं फिकं झालं. काल जेमतेम. आणि आज निळं. दोन्ही विषं शून्य. कशी दिसते ग न दिसणारी वस्ती? काहीच दिसत नाही, आणि तरी सगळं तिथे आहे. मी टाकीला हात जोडले, खोटं नाही सांगत. आता साडी बदलते आणि मासे आणायला जाते. बाकीचं आल्यावर लिहीन.

आल्यावर लिहीन म्हणाले आणि नऊ दिवस कागदाला हात लावला नाही. धीरच होईना. चार काळे मॉली आणले. गोल्डफिशचं नाव काढलं तर तो म्हणाला, "त्यांना हौद बांधा, मग या." पिशवी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली, हळूहळू पाण्याची ओळख करून दिली आणि सोडले. त्या क्षणापासून मी माणसात नव्हते. उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, चार मोजायचे. वर येऊन तोंड उघडतात का बघायचं. कल्ले बघायचे. नळी, थेंब, निळं. चौथ्या दिवशी मोजले तर तीन! "गेला," मी म्हणाले, "गेला एक, मला वाटलंच होतं." हे पेपर टाकून आले. गुडघे दुखतात तरी खाली बसले, टॉर्च घेऊन फिल्टरच्या मागे बघितलं आणि म्हणाले, "अगं, इथे आहे. चांगला जाडजूड आहे. रडतेस काय?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, पोळीसकट. त्यानंतर रोज सकाळी मी उठायच्या आत तेच मोजून ठेवतात. "चार," मला बिछान्यातच ऐकू येतं.

आणि तो जाडजूड तो नव्हताच, आई, ती होती! सातव्या दिवशी दुपारी बघते तर झाडाच्या पानांत टाचणीच्या डोक्याएवढे डोळे. एक, दोन, पाच, अकरा... मोजताच येईनात. मी दुकानात फोन केला तर तो म्हणाला, "मॉली पिल्लंच घालतात, अंडी नाही. अभिनंदन, आजी." एवढ्या बायकांची बाळंतपणं केलीस तू, आणि माझ्या हॉलमध्ये झालेल्या या बाळंतपणाला तू नव्हतीस. आठवा दिवस गेला. आज नववा आहे. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "चार, आणि बाकीचे कोण मोजणार?" तेव्हा आता सांगायला हरकत नाही. तुझ्या हातांवर काही नव्हतं. मी बोलले ते खोटं होतं.

पण तू ते खरं मानलंस. त्या दिवसापासून तू दवाखान्यातून आलीस की मला लांबूनच हात करायचीस, थेट मोरीत जायचीस, डोक्यावरून अंघोळ, लुगडं वेगळं भिजवायचं, कोपरापर्यंत हात घासायचे, आणि मगच माझ्या केसांना हात लावायचीस. निवृत्त होईपर्यंत. माझी मुलगी झाली तेव्हासुद्धा तू खाटेपाशी येऊन उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "हात धुतलेत मी. घेऊ ना?" तूच तिला घ्यायचं नाही तर कोणी! मला तेव्हा कळलं होतं की हे कुठून आलं. मी "घे की" म्हणाले. एवढंच म्हणाले.

हे कागद आता टाकीखालच्या कप्प्यात ठेवते, दमट होतील, होऊ देत. एक मात्र कबूल करायला हवं, ते मी ह्यांनाही सांगितलं नाही. त्या सकाळी मला रोगाबिगाचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीला कसला रोग आणि कसलं काय! तुझी दुपारची पाळी असायची, शाळेतून आलं की दाराला कुलूप, किल्ली काकूंकडे. मला दवाखान्याचा राग होता, म्हणून दवाखान्याचं नाव घेतलं. तू दारात आलीस की मला तुला बिलगायचं असायचं, आई, अंघोळीच्या आधी.